तेरा की पंधरा?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, हरिकेन मिल्स येथील आपल्या घरी, लोरेटा लिन ही कंट्री संगीतातील गायिका वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तली. मृत्युलेख वाचताना आम्ही दोघी एका साध्या वजाबाकीपाशी अडखळलो. तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा आणि लग्न १० जानेवारी १९४८ चे. म्हणजे लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षे आणि जवळजवळ नऊ महिन्यांची होती. आमच्या मनात मात्र वर्षानुवर्षे ‘तेरा’ हा आकडा बसलेला होता. तिच्या जीवनावरील १९८० चा चित्रपट आम्ही पाहिला होता; ज्या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे, त्याची एक जुनी प्रत एका मैत्रिणीने परदेशातून आणून दिली होती, तीही वाचली होती. तेराव्या वर्षी लग्न झालेली, कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी पुढे नॅशविलची राणी झाली, अशी ती कथा आम्ही निःशंकपणे स्वीकारली होती आणि ‘आत्मचरित्र’ हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक-दोनदा वर्गात सांगितलीही होती.

मागाहून कळले की हा उलगडा २०१२ सालीच झाला होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केंटकी राज्यातील जन्माचा दाखला व इतर कागदपत्रे पाहून तिचे वय, ती सांगत आली त्याहून तीन वर्षांनी अधिक असल्याचे जाहीर केले होते. वृत्त पोचायला आम्हांला दहा वर्षे लागली. ते पोचल्यावर आम्हांला जे वाटले, ते येथे मांडावे असा विचार आहे. कारण त्याचा संबंध लोरेटा लिनशी जेवढा आहे, तेवढाच आम्ही आमच्या वर्गात केलेल्या एका चुकीशीही आहे.

प्रथम तिच्याविषयी.

पूर्व केंटकीतील अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीला तेथील बोलीत ‘हॉलर’ म्हणतात. अशा बुचर हॉलर नावाच्या घळीत, लाकडी खोपटात, मेल्विन ऊर्फ टेड वेब आणि क्लॅरा या दांपत्याला आठ मुले झाली. त्यांतले लोरेटा हे दुसरे अपत्य. खोपटाच्या भिंतींच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून आई वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पाने चिकटवीत असे. त्या पानांवर सिनेनट्यांची छायाचित्रे असत, आणि त्यांतल्याच लोरेटा यंग या नटीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. बाप व्हॅन लियरच्या कोळसा खाणीत रात्रपाळीला जाई. खाणीतली भुकटी फुप्फुसांत साचत गेली, आणि १९५९ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो वारला. मुलीचे पहिले गाणे बाजारात यायला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते.

घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला, आणि शनिवारी रात्री नॅशविलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून होणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम त्या घळीपर्यंत पोचू लागला. १९२५ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाने डोंगराळ भागातले फिडल-बँजोचे संगीत सबंध देशात नेले होते. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांची कथागीते, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधली भजने यांच्या संकरातून घडलेले ते संगीत १९२० च्या दशकात तबकड्यांवर आले आणि त्याचा व्यवसाय झाला. पण गाणारी बाई त्या व्यवसायात बराच काळ दुय्यमच राहिली. एकट्या गायिकेचे गाणे कंट्रीच्या लोकप्रियतेच्या तक्त्यावर प्रथम क्रमांकावर जायला १९५२ साल उजाडावे लागले. ती किटी वेल्स. लोरेटा तिला आदर्श मानीत असे.

गावात पाय या गोड पदार्थाचा लिलाव होता. मुलींनी आपापला पाय करून आणायचा, तरुणांनी बोली लावायची, आणि जो जिंकेल त्याने ती मुलगी घरी पोचवायची, अशी रीत होती. सैन्यातून परत आलेल्या एकवीस वर्षांच्या ऑलिव्हर लिनने लोरेटाच्या पायवर बोली जिंकली. पायमध्ये साखरेऐवजी मीठ पडले होते. महिन्याभरात लग्न झाले. नवऱ्याला सारे ‘डूलिटल’ म्हणत. खाणीत मरायचे नाही असे ठरवून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी कामाला गेला आणि मागाहून त्याने गरोदर बायकोला बोलावून घेतले. तेथे ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करी, मळ्यांत स्ट्रॉबेरी तोडी. विसावे वर्ष पुरे होण्याआधी तिला चार मुले झाली.

१९५३ मध्ये डूलिटलने तिला सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. मुलांना निजवताना ती गाते, ते बरे गाते, हे त्याच्या लक्षात आले होते. ती गिटार एकटीनेच शिकली आणि मग त्याच्याच आग्रहाने आसपासच्या सभागृहांत, दारूच्या गुत्त्यांत गाऊ लागली. टॅकोमा येथील बक ओवेन्सच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिला ऐकून नॉर्म बर्ली या लाकूडव्यापाऱ्याने झीरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीमार्फत तिच्या तबकडीसाठी पैसे घातले. १९६० च्या आरंभी ‘आय अ‍ॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल’ ध्वनिमुद्रित झाले. शब्द तिचेच होते. जाहिरातीला पैसे नव्हते; नवरा-बायको तबकड्या घेऊन मोटारीने एकेका रेडिओ केंद्रावर जात, ‘हे वाजवा’ म्हणून विनवीत आणि रात्री मोटारीतच झोपत. गाणे चौदाव्या क्रमांकापर्यंत पोचले. १५ ऑक्टोबर १९६० रोजी ती ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या त्याच रंगमंचावर उभी राहिली, ज्याचा आवाज तिने घळीतल्या खोपटात ऐकला होता.

पुढचा प्रवास ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहे. पॅट्सी क्लाइनची मैत्री, आणि १९६३ मधला पॅट्सीचा विमान अपघातातला मृत्यू. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दार दाखवणारे, १९६७ मध्ये तक्त्यावर पहिले आलेले गाणे. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा सन्मान, जो तोवर एकाही स्त्रीला मिळाला नव्हता. आणि १९७५ मधले ‘द पिल’. संततिनियमनाच्या गोळीमुळे सततच्या बाळंतपणांतून सुटलेली बाई त्या गाण्यात नवऱ्याशी हिशेब करते. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. तरीही ते कंट्री तक्त्यावर पाचव्या क्रमांकावर गेले. विशीच्या आत चार बाळंतपणे आणि बत्तिसाव्या वर्षी जुळ्या मुली, हे सारे सोसलेल्या बाईने ते म्हणावे, यातच त्या गाण्याचे बळ होते.

आता वयाकडे येऊ. पहिले गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची, चार मुलांची आई होती. ज्या व्यवसायात बाईचे वय हीही विक्रीची वस्तू असते, त्यात ती इतक्या उशिरा शिरत होती. तीन वर्षे गळाली. १९७६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जॉर्ज वेक्सी यांच्या साहाय्याने लिहिलेल्या ‘कोल मायनर्स डॉटर’ या आत्मचरित्रात तिने आपले वय सांगायला उघडउघड नकार दिला आहे. आपण गाऊन पोट भरतो, ‘या वयातही बरी दिसते’ असे शेरे आपल्याला नकोत, अशा आशयाचे कारणही दिले आहे. मात्र जन्मसाल न सांगणाऱ्या त्याच पुस्तकात लग्नाचे वय सांगितले आहे. जन्माचे साल सरकले की लग्नाचे वय आपोआप सरकते. पंधराचे तेरा झाले, ते असे.

येथे आम्हां दोघींत मतभेद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की आत्मचरित्राचा वाचकाशी करार असतो. फिलीप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये ज्याला आत्मचरित्रात्मक करार म्हटले, त्यात लेखक, निवेदक आणि नायक एकच आहेत याची हमी असते, आणि हमी देणाऱ्याने जन्मसाल लपवून लग्नाचे वय सांगू नये. बालविवाहाचा अभ्यास करणारा उद्या हे पुस्तक पुरावा म्हणून उघडेल, तेव्हा त्याच्या हाती चुकीचा आकडा पडेल. दुसरीचे म्हणणे असे की फसवणूक झाली असेल तर ती करून घेण्यात आपलाही हात आहे. तेरा हा आकडा आपल्याला हवा होता. ‘पंधराव्या वर्षी लग्न’ या शब्दांनी आपण दचकलो नसतो, कारण आपल्या आयांची, मावश्यांची लग्ने त्याच्या आसपासच झाली. आणि मृत्युलेख वाचताना क्षणभर ‘म्हणजे पंधराचीच होती तर’ असे हायसे वाटले, त्या ‘च’ची लाज वाटायला हवी. खरा आकडाही काही दिलासा देत नाही. पंधराव्या वर्षी लग्न आणि विसाव्याच्या आत चार मुले, एवढे दाखल्यांवरून सिद्धच आहे.

मराठी वाचकाला येथे हंसा वाडकर आठवतील. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये अरुण साधू यांच्या शब्दांकनातून आले आणि त्यावरून १९७७ मध्ये श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा चित्रपट निघाला. गाणारी वा नाचणारी बाई सांगते, पत्रकार लिहितो, दिग्दर्शक पडद्यावर आणतो, आणि प्रत्येक पायरीवर काही गळते, काही जडते. लोरेटाच्या बाबतीत ही गळती पुस्तकाच्याही आधीपासून होती. १९७० साली ज्या गाण्याने तिचे बालपण जगासमोर आले, ते ‘कोल मायनर्स डॉटर’ तिने मुळात कितीतरी लांब लिहिले होते. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी काही कडवी काढायला लावली. ती तिने काढली, आणि पुढे तिलाच ती आठवेनात. उरलेल्या गाण्यात बापाची रात्रपाळी आहे, धुणे धुऊन सोललेली आईची बोटे आहेत, हिवाळ्यातले बूट आहेत. सन एकही नाही. लग्नाचा तर उल्लेखही नाही.

आता आमची चूक.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. २०१६ च्या सुमारास पदवीच्या वर्गाला आम्ही ‘माझ्या घरातील एका स्त्रीचे चरित्र’ असा स्वाध्याय दिला. एका विद्यार्थिनीने आईविषयी लिहिले. लिखाण जाडेभरडे होते, पण त्यात जीव होता. आईचे लग्न चौदाव्या वर्षी, किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झाले, असे तिने लिहिले होते. मुलगी मन लावून काम करणारी; चरित्राला पुरावा हवा हे आम्हीच शिकवलेले, म्हणून तिने आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची छायाप्रतही जोडली होती. दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून १९७७. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. म्हणजे त्या उन्हाळ्यात आईला सोळावे संपत आले होते. आम्ही समासात तांबड्या शाईने लिहिले, ‘हिशेब जुळत नाही. तपासावे.’

पुन्हा लिहून आणलेल्या वहीत तो परिच्छेदच नव्हता. विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, आईला नक्की साल ठाऊक नाही. म्हणून काढून टाकलं.” बाकीचे लेखन नीटनेटके झाले होते. आम्ही चांगले गुण दिले.

ही गोष्ट आम्ही विसरलोही असतो. पण लोरेटा लिनचा मृत्युलेख वाचून जेव्हा ‘हिशेब जुळत नाही’ हेच शब्द आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघाले, तेव्हा दोघींनाही ती वही आठवली. आणि त्या वेळी जे सुचायला हवे होते ते तेव्हा, सहा वर्षांनी, सुचले. १ जून! महाराष्ट्रात शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला या तारखेचा अर्थ सांगावा लागू नये. गुरुजी घरोघर फिरून मुले गोळा करीत, जन्माची नोंद नसे, आई ‘पेरणीच्या वेळची’ किंवा ‘पोळ्याच्या आधीची’ म्हणे, आणि गुरुजी प्रवेशाच्या वयात बसेल असे साल धरून १ जून ही तारीख टाकीत. थोरल्या भावंडाबरोबर धाकटीलाही शाळेत बसवायचे असेल तर साल आणखी मागे जाई. आमच्यापैकी एकीच्या आईची तारीखही १ जूनच आहे, आणि आपण खरे तर थंडीतल्या, हे ती हसत हसत सांगते.

म्हणजे ज्या दाखल्याच्या आधारे आम्ही त्या आईला खोटे ठरवले, तो दाखला कदाचित तिच्या आठवणीहून कच्चा होता. भूकंपाच्या आधीचा उन्हाळा ती विसरणे शक्य नव्हते. चौदा हा आकडा तिने कशावरून धरला होता, हे विचारायचे सोडून आम्ही वजाबाकी केली होती.

दोन प्रकरणे शेजारी ठेवली की कोणताच सोपा नियम हाती राहत नाही. केंटकीतला दाखला खरा होता आणि आठवण सरकवलेली होती. आमच्या तालुक्यातला दाखला सरकवलेला असावा आणि आठवण खरी असावी. कागदावर विश्वास ठेवा म्हणावे तर येथे चुकतो. बाईच्या शब्दावर ठेवा म्हणावे तर तेथे. करारवादी मैत्रीण आता एवढे मान्य करते की करार पाळला गेला की नाही हे पाहण्याआधी दाखला कोणी, कोणत्या सोयीसाठी लिहिला हेही पाहायला हवे. दुसरी एवढे मान्य करते की असोसिएटेड प्रेसच्या त्या बातमीदाराने केलेले काम आवश्यक होते, आणि त्याने लोरेटाचे काही हिरावून घेतले नाही.

आम्हां दोघींचे एकमत झाले ते एका निराळ्याच गोष्टीवर. लोरेटाच्या आत्मचरित्रात तिच्या कोवळेपणाचा खरा दाखला आकड्यात नाहीच. तो मिठाच्या पायमध्ये आहे. गावासमोर लिलावाला ठेवायच्या पदार्थात साखरेऐवजी मीठ घालणारी मुलगी महिन्याभरात संसाराला लागते. ती तेराची असो वा पंधराची, ते मीठ तेवढेच खारट आहे. तपशीलही रचता येतो, हा आक्षेप आहेच, आणि वर्गात तो आम्ही स्वतःच मांडतो. पण रचायचेच तर माणूस सहसा आपली बाजू सावरणारे काही रचतो. आपल्या हातचा पदार्थ फसल्याचे रचत नाही.

अलीकडे हा स्वाध्याय देताना आम्ही समासात निराळा प्रश्न लिहितो : ‘हे कोणी सांगितले? कशावरून सांगितले?’ साल चुकले तर चुकलेले साल तसेच राहू द्यावे, शेजारी दाखल्यावरचे साल लिहावे, आणि दोहोंत अंतर का पडले याचा शोध घ्यावा, पण परिच्छेद काढू नये, असे बजावतो. कधी कधी त्या अंतराचा शोध हाच वहीतला सर्वांत चांगला भाग ठरतो.

त्या विद्यार्थिनीची पहिली वही आमच्याकडे नाही. ती आम्ही तिला परत केली होती. दुसरी महाविद्यालयाच्या रद्दीत गेली असणार. काढून टाकलेल्या परिच्छेदातले एक वाक्य मात्र आम्हां दोघींनाही स्वतंत्रपणे आठवले, आणि ताडून पाहिले तेव्हा ते जवळजवळ सारखेच निघाले. आईच्या हातातल्या पाटल्या सैल होत होत्या, म्हणून लग्नाच्या दिवशी आजीने त्यांना आतून सुती दोरा गुंडाळून दिला होता, असे ते वाक्य होते. तांबडी शाई ज्या समासात उमटली, त्याच्या शेजारच्याच ओळीत ते होते.